एक जागा सोडून राव

नाना, आज १४ डिसेंबर २००२, दुसरा शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कृषी संशोधन केंद्राला सुट्टी आहे. साहेब आत्ताच सही करून गेले. मी मराठी टंकयंत्रावर कापडी कव्हर चढवत होतो, ते अर्धवट टाकून बसलो आणि हा कागद ओढला. बसलो ते तुमच्याच खुर्चीवर. ग्रंथालयाच्या ह्या खोलीत दुसरी खुर्ची वाचकांची आहे आणि तिचा एक पाय आखूड आहे. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला काही लिहिलं नाही, लिहायला कारण नव्हतं. आज झालं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला घरी जाऊन आईसमोर जेवायला बसता येईल असं वाटत नाही.

तुम्ही नव्वदच्या पावसाळ्यात काविळीनं गेलात तेव्हा मी बारावीत होतो. वर्षाने तुमच्या जागी मला घेण्याचा अनुकंपेचा आदेश आला. मामा म्हणाले, "शाळा काय पळून चालली का? नौकरी मात्र पळून जाईल." शाळा खरंच पळाली नाही, मीच तिच्याकडे परत गेलो नाही. तुमचं टेबल, तुमचं इंग्रजी टंकयंत्र, हजेरीपटावरची तुमची ओळ, सगळं तसंच मिळालं. पहिल्या दिवशी शिपाईमामांनी चहा आणला तो बिनसाखरेचा, कारण ह्या टेबलाचा चहा बिनसाखरेचा असे. नवीन मुलाने पहिल्याच दिवशी साखर कशी मागायची, म्हणून मी तो तसाच प्यायलो आणि अजून तसाच पितो. पुढे ग्रंथालय माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं. मी दोनदा बदलीचा अर्ज केला. दोन्ही वेळा त्यावर एकच शेरा पडला : पर्यायी व्यक्ती उपलब्ध नाही. कोणतं जर्नल कोणत्या कपाटात आहे ते मलाच ठाऊक, असं सगळे कौतुकाने म्हणतात. कौतुक ऐकताना मला नेहमी वाटतं की बाहेरून कोणीतरी कडी लावतं आहे.

ग्रंथालय म्हणजे तरी काय, नाना. चार लोखंडी कपाटं आणि तुमच्या वेळची लांब फळी. तुमच्या काळात संशोधनाची जर्नलं टपालाने यायची, तपकिरी कागदात गुंडाळून, आणि तुम्ही तिकिटं माझ्यासाठी कापून आणायचात. नंतर वर्गणीचे पैसे वेळेवर जाईनासे झाले. कुठे मार्चचा अंक आहे आणि जूनचा नाही, कुठे आख्खं वर्ष नाही. कुणाला जुना लेख हवा असला तर मी चिठ्ठी लिहून विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात पाठवतो आणि तिकडून झेरॉक्स येण्याची वाट पाहतो. हे काम मला जमतं, कारण त्यात स्पेलिंग चुकवून चालत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलताच लेख येतो, आणि तो येईपर्यंत तुरीचा हंगाम संपून गेलेला असतो.

आमचे साहेब तुम्हाला आठवत असतीलच. तुमच्या वेळी ते साधे सहायक होते, एकच निळा शर्ट रोज धुऊन घालणारे. आता निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. विभागप्रमुखाच्या जागेसाठी सोमवारी त्यांची मुलाखत आहे आणि ही शेवटची संधी आहे, हे ते कुणाला सांगत नाहीत पण सगळ्यांना माहीत आहे. मागे दोनदा त्यांना डावललं. माझी अनुकंपेची फाईल अडकली होती तेव्हा हेच साहेब स्वतःच्या खर्चाने तीनदा वर जाऊन आले होते. ह्या वेळी समितीने नवीनच मागणी केली : तुमचा महत्त्वाचा लेख जगाच्या कृषी डेटाबेसमध्ये आहे याचा छापील पुरावा द्या. साहेबांचा महत्त्वाचा लेख एकच, तुरीच्या मर रोगावरचा, तुम्ही टाइप केलेला. शेवटची छापील प्रत त्यांनी मागच्या मुलाखतीला लावली होती, ती परत आली नाही. आपल्या कपाटात नेमकं ते वर्ष नाही. आणि संपादकांनी लेखाचं नाव बदललं होतं, ते बदललेलं नाव साहेबांना आठवेना.

म्हणून गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने मी परभणीला गेलो. मोठ्या ग्रंथालयात संगणकाची खोली काचेची आहे, चपला बाहेर काढून आत जायचं. सगळा डेटाबेस सीडीच्या चकत्यांवर असतो, वर्षावर्षाच्या. तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी माझी चिठ्ठी वाचली आणि हसल्या.

"अहो, ह्याच्यात 'साहेब' टाकू नका. आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. बास."

नाना, अकरा वर्षं मी ह्या माणसाचं नाव साहेब लावल्याशिवाय घेतलं नव्हतं. उघडं आडनाव टाइप करताना बोटं अडली. टाइप केलं. त्या आडनावाचे पुष्कळ निघाले, कुणी ऊसवाले, कुणी कोंबड्यांचे डॉक्टर. आमचे साहेब नव्हते. मग विषयाने शोधलं. 'तूर' इंग्रजी अक्षरांत घातलं तर तुर्कस्तानातला गहू समोर आला. मॅडम म्हणाल्या, तुरीला इंग्रजीत तीन नावं आहेत, त्यातलं एक कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. मी सगळी घातली, जोडून आणि तोडून, मग लॅटिन नावही घातलं. शेकडो नोंदींची यादी खाली सरकू लागली. मी त्यात फक्त आडनाव शोधत होतो. ते कुठेच नव्हतं. दुपार झाली तेव्हा मी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होतो.

"बरोबर स्पेलिंग टाकून सगळंच मिळत नसतं," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं नोंद केली त्याच्या डोक्यानं विचार करा. तो कुठं चुकला असंल? किंवा त्याला लिहून देणारा?"

तुम्ही मला शिकवलंत की बरोबर स्पेलिंग एकच असतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची आणि तुम्ही पाटावर बसून मला शब्द सांगायचात, आणि चुकलेला शब्द मी दहा वेळा लिहीपर्यंत माझी भाकरी तव्याशेजारी तशीच राहायची. चुकणाऱ्याच्या डोक्याने विचार करायला मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण ज्याने लिहून दिलं तो कोण होता हे मला माहीत होतं.

आणि मग ते स्वयंपाकघर मला दिसू लागतं. चौऱ्याऐंशी साल, रविवार. तुम्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून कचेरीचं टंकयंत्र घरी आणलं आहे, कारण घरात मोठा दिवा फक्त चुलीपाशी आहे. मी अकरा वर्षांचा. निळ्या शर्टातले साहेब दाराजवळच्या पोत्यावर बसून हाताने लिहिलेली पानं एकेक करून पुढे देत आहेत. आई फोडणी द्यायला निघते आणि तुम्ही ओरडता, "आत्ता न्हाई! कागदाला वास लागंल, तिकडं संपादक शिंकंल." साहेब हसतात. आई वरणाचं पातेलं तसंच झाकून ठेवते आणि चहा करते. साहेबांचा कप वेगळा आहे, कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. त्यांची जात आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कपाकडे बघत नाही. तुम्ही पहिल्या पानावर लेखकाचं नाव टाइप करत आहात, हजेरीपटावर करता तसं, आडनाव आधी, मग नाव. आणि मग एक जागा सोडून, राव.

तुम्ही सगळ्यांनाच राव लावायचात. लग्नपत्रिकेवर, पाकिटांवर, किराण्याच्या यादीच्या मथळ्यावरसुद्धा. दूध घालायला येणाऱ्या माणसाला गल्ली जशी तोडून हाक मारायची तशी मी एकदा मारली, तर तुम्ही मला उंबऱ्यावर उभं करून त्याच्या नावापुढे राव लावून तीनदा म्हणायला लावलंत. तो माणूस इतका लाजला की त्याने दूध मापाच्या बाहेर ओतलं. इंग्रजीत मात्र तुम्ही राव कधी जोडून लिहिला नाही. "जोडून लिहिला तर वाचताना गिळतात," म्हणायचात.

मी लेखकाच्या जागी राव टाइप केलं, सोबत वर्ष आणि रोगाचं नाव. एकच नोंद राहिली. परदेशात बसून नोंद करणाऱ्याला वाटलं होतं की शेवटचा शब्द तेच आडनाव. साहेबांच्या खऱ्या आडनावाचं एक अक्षर उरलं होतं, नावाचं एक, आणि राव पूर्ण. सकाळपासून ही ओळ माझ्या डोळ्यांखालून दोनदा तरी गेली असेल.

"हे राव का?" मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्या लेखाचा दाखला बाहेरच्या देशांतल्या लोकांनी दिलेला मी पाह्यलाय. मला वाटलं आंध्रातले कुणी असतील."

तळघरातून जुना बांधीव खंड काढला. पानावर पूर्ण नाव होतं, खाली आपल्या केंद्राचा पत्ता होता, आणि लेखाच्या शेवटी पुन्हा तेच नाव, पुन्हा राव सुटा. मी झेरॉक्स घेतली आणि संध्याकाळच्या गाडीत ती शर्टाच्या आत ठेवली. परतूर स्टेशनपर्यंत मी खूश होतो. त्यानंतर माझ्या लक्षात येऊ लागलं की हे कुणाला तरी समजावून सांगावं लागेल.

शुक्रवारी सकाळी कागद बडे बाबूंना दाखवले. तेच आपले अधीक्षक, तुमच्यासोबत एका डब्यात जेवणारे, आता केस पांढरे आणि मेंदी लावून लाल. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नावात फरक आहे. फरकाचं कारण पाहिजे. नाही तर कमिटी म्हणंल, हा राव कोण, हे कोण. घे लिहून. 'सदर लेखात लेखकाच्या नावात आढळणारा फरक हा तत्कालीन टंकलिपिकाच्या अज्ञानामुळे झालेला असून'..."

मी पेन थांबवलं. म्हटलं, "बाबूजी, 'नजरचुकीने' लिहिलं तर?"

"बेटा, नजर एक बार चुकते. इथं वर बी राव, खाली बी राव. कमिटी विचारंल, नजर दोनदा बराबर एकाच जागी कशी चुकली?"

"मंग 'अनवधानाने'?"

"तेच झालं ना. अरे, कमिटीला कारण पाहिजे, शायरी न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझा बाप माझा यार होता. मला काय आनंद वाटून राह्यला का? पण जित्या माणसाचं काम अडलंय. मेलेल्याचं इंक्रिमेंट कोण कापणार? टाक त्याच्यावर. तो असता तर त्यानंच म्हटलं असतं, टाका माझ्यावर."

खाली साहेबांची सही, आणि त्याखाली 'पडताळणी केली' म्हणून ग्रंथालयाच्या प्रभारीची, म्हणजे माझी.

दुपारी साहेब ग्रंथालयात आले. आखूड पायाच्या खुर्चीवर बसले आणि मसुदा वाचला. मी उभा होतो. त्यांनी बराच वेळ झेरॉक्सचं पहिलं पान धरून ठेवलं.

"अज्ञान?" ते म्हणाले. "तुझ्या नानाला?"

त्यांनी झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"प्रूफ मला आल्तं रे. दुरुस्त्या करून परत धाडायचं होतं. मी राव पाह्यला. खोडायला पेन काढलं आन् पुन्हा खिशात ठेवलं. माझ्या गावात मला कसं बोलवत होते म्हाईत आहे का तुला? नावाला 'या' लावून. साठ वर्षांचा माझा बाप, त्याला बी तसंच. राव म्हणून कुणी हाक मारायचा सवालच नव्हता, आन् इथं तर छापून आल्तं." ते थोडं हसले. "तुमच्या घरी माझा कप कोनाड्यात ऱ्हायचा. मला काय दिसत नव्हतं का? एकाच दिवशी कप तसला आन् कागदावर राव. ह्यातलं खरं कोणतं, हे तुझ्या नानाला एकदा विचारायचं होतं. राहून गेलं."

मग ते म्हणाले, "'लेखकाच्या संमतीनं' असं लिही. खरं तेच आहे."

बडे बाबू दारात येऊन उभे होते, त्यांनी ऐकलं. ते आत आले आणि साहेबांशी पहिल्यांदाच मी त्यांना आवाज चढवून बोलताना पाहिलं. "साहेब, संमतीनं म्हटलं की तुम्ही जाणून दुसरं नाव वापरलं. मंग राजपत्र दाखवा, नाव बदलल्याचं. सोमवारी मुलाखत. कुठून आणता? बिलकुल अडकून जाल." बडे बाबू पुन्हा म्हणाले, "बीस साल झाले साहेब तुमच्या मेहनतीला. एका शब्दापायी?"

साहेब उठले. मला म्हणाले, "मी उद्या दुपारी येतो. तुला जे लिहावं वाटंल ते लिही. मी वाचणार न्हाई, सही करीन." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मला मोकळं सोडलं असं त्यांना वाटत असावं. मला मात्र सगळ्या बाजूंनी बंद केल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच एक शब्द सांगितला असता तर मी तो टाइप केला असता. सांगितलेलं टाइप करण्यात मला कधी त्रास झाला नाही. तेवढं तर मी तुमच्याकडूनच शिकलो.

आज सकाळी नऊला येऊन बसलो. नजरचुकीने, अनवधानाने, संमतीने, अज्ञानामुळे, चारही घालून पाहिलं. पहिले दोन समिती मानणार नाही. तिसरा खरा आहे आणि तो साहेबांना बुडवेल. आणि पूर्ण खराही आहे का, मला सांगता येत नाही. त्यांनी खोडला नाही हे खरं, पण लावला तुम्ही. तो का लावलात हे मला आज इतक्या वर्षांनी कळायला हवं असं वाटत होतं. तुम्हाला सगळ्या साहेबांची भीती वाटायची. कचेरीत फोन वाजला तरी तुम्ही उभे राहून उचलायचात. तर तो राव भीतीने आला असेल, उद्या मोठा साहेब होईल म्हणून. पण दूधवाल्याची तुम्हाला कसली भीती होती? आणि तो मनापासून आला असेल, तर तुम्ही आईला एकदाही का सांगितलं नाही की तो कप आत आण? मी हे आईला विचारू शकत नाही. तुम्हाला विचारतो आहे, पण उत्तर कोणत्याही कपाटात नाही. एवढं मात्र मला नक्की माहीत आहे की ते अज्ञान नव्हतं. नाव कसं लिहायचं हे तुमच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

साडेबाराला मी 'अज्ञानामुळे' टाइप केलं. मूळ आणि दोन प्रती. एकही खाडाखोड नाही, ज्ञ स्वच्छ उठला आहे. पडताळणीच्या जागी सही केली. साहेब तीनला आले, म्हणाल्याप्रमाणे त्यांनी वाचलं नाही, कागदाच्या वरच्या भागावर पंजा ठेवून खाली सही केली. पंजा काढताना त्यांचं लक्ष गेलं की नाही, मला समजलं नाही. "उद्याच्या गाडीनं निघतो," एवढंच म्हणाले. दाराबाहेर जाऊन पुन्हा वळले आणि विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

बडे बाबू म्हणाले ते खरं आहे, हे मला आता सुचतं आहे आणि त्यानेच जास्त त्रास होतो. तुम्ही असता तर तुम्ही स्वतःच हा शब्द टाइप केला असतात, कुणी सांगायच्या आत, आणि उभं राहून साहेबांच्या पुढे धरला असतात. म्हणजे मी काही वेगळं केलं नाही. तुमच्या खुर्चीवर बसून तुम्ही जे केलं असतं तेच केलं, फक्त तुमच्या नावावर.

हा कागद मी घरी नेणार नाही, आई वाचेल. इथेही ठेवणार नाही. अंधार पडायच्या आत तो फाडून मागच्या गांडूळखताच्या खड्ड्यात टाकीन, तिथे कागद लवकर कुजतो. त्याआधी एवढंच. साहेबांना ही जागा मिळावी असं मला फार वाटतं, नाना. समितीने माझा तो कागद खरा मानला तरच ती मिळेल. म्हणजे सोमवारी अकरा वाजता टेबलाभोवती बसलेल्या सगळ्या मोठ्या माणसांनी तुम्हाला अडाणी समजावं, असं मी दुपारपासून देवाकडे मागतो आहे. आणि मनापासून मागतो आहे.